चारशे बारा बिल्ले

प्रोफेसर नॉदे यांनी उकडलेल्या अंड्यावर मिरपूड भुरभुरली, बोटं रुमालाला पुसली आणि मग टाइप केलेला कागद देसिरेपुढे सरकवला.

"वाच, आणि माझ्या सहीखाली तुझी कर. शुक्रवारी सुनावणी आहे."

कागद एकाच पानाचा होता. चोरीला गेलेली वनस्पती ग्रासक्लूफ गावामागच्या पांढऱ्या टेकडीवर वाढते, जगात अन्यत्र कुठेही नाही, आणि ही जागा केवळ तीन व्यक्तींना ठाऊक होती, असं सोमवारी पोलिसांना सांगितलेलंच त्यात लिहिलं होतं. एक स्वतः प्रोफेसर, दुसरी त्यांची संशोधक विद्यार्थिनी कुमारी देसिरे लिंक्स, तिसरा स्थानिक शेळीपालक फ्लोर्स स्वार्टबोई. तिघांतले दोघे विद्यापीठाचे. उरला कोण हे ओळखायला पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांचे फ्लोर्सकाका सोमवारपासून तालुक्याच्या कोठडीत सिमेंटच्या ओट्यावर झोपत होते.

"सर, सप्टेंबरमध्ये पाहुणे आले होते," देसिरे म्हणाली. "अकरा जण. टेकडीवर गेले होते आपल्याबरोबर."

"ते आपले देणगीदार आहेत, देसिरे."

"पण जागा त्यांनाही ठाऊक आहे."

"ती सभ्य माणसं आहेत." प्रोफेसरांनी अंड्याचा दुसरा अर्धा भाग तोंडात टाकला. "हे बघ, तीन महिन्यांत तुझा प्रबंध जायचाय. त्यावर सही माझी लागणार आहे. या म्हाताऱ्यापायी तू स्वतःचं वाटोळं करून घेऊ नयेस, एवढंच मला वाटतं."

सभ्य माणसं. देसिरेला ती सगळी चांगली आठवत होती. परदेशातल्या कुठल्याशा मांसल-वनस्पती-प्रेमी मंडळाचे सभासद, घरोघरी काचेची घरं बांधून त्यांत वाळवंट पाळणारे. एका बाईने नवी कोरी टोपी सांभाळत पोटावर पडून अर्धा तास एकाच रोपाचे फोटो काढले होते. एका गृहस्थाने तीन वेळा विचारलं होतं, की याचं बी रुजतं का आणि किती दिवसांत. मग टेकडीच्या पायथ्याशी चादर अंथरून त्यांनी वाइन प्यायली, आणि प्रोफेसरांनी हात जोडून सांगितलं, की ही जागा कृपया कुणाला सांगू नका. त्यावर सगळे छान हसले. त्या वेळी देसिरेही हसली होती, कारण त्या मंडळींच्या पैशावरच तिचं संशोधन चाललं होतं आणि त्यांच्यातल्या एकाच्या दिवंगत पत्नीचं नाव या नव्या वनस्पतीला द्यायचं ठरलेलं होतं. त्या बाईने उभ्या जन्मात या भागात, नामाक्वालँडमध्ये, पाऊल टाकलं नव्हतं.

ग्रासक्लूफची माणसं त्या रोपाला करंगळी म्हणतात, कारण ते तेवढंच असतं. दोन फुगीर पानं एकमेकांना चिकटलेली, वर बारीकशी फट. हिवाळ्यात पाऊस झाला की फुगतं, उन्हाळ्यात गेल्या साली वाळलेल्या पानांच्या पापुद्र्यात शिरून झोपतं. तेव्हा ते गारेच्या, म्हणजे पांढऱ्या गारगोटीच्या, खड्यांत पडलेला आणखी एक खडा होऊन जातं. माणूस त्यावर बूट ठेवून उभा राहिला तरी त्याला कळत नाही.

फ्लोर्सकाकांना मात्र कळायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच देसिरेला ही टेकडी दाखवली. देसिरे गावचीच, लिंक्सांची पोर, विद्यापीठात गेलेली गावातली पहिली. ती परत आली ती हातात एक छापील अर्ज घेऊन. "स्थानिक माहितीदाराचे संमतिपत्र" असं त्यावर लिहिलेलं. ज्या माणसाच्या शेळीचं दूध पिऊन ती वाढली त्याला तिने माहितीदार म्हणून सही करायला लावली, आणि त्यांनी ती निमूट केली. पुढे तिच्या प्रत्येक अहवालात त्यांचं आडनाव वेगवेगळ्या प्रकारे चुकलेलं असायचं. ते तिला दिसत होतं, पण त्यात काही बिघडलं असं तिला वाटलं नाही.

मग बिल्ल्यांचं काम निघालं. प्रोफेसरांचा हुकूम होता, की प्रत्येक रोपाशेजारी खिळा ठोकायचा आणि त्याला नंबराचा अॅल्युमिनियमचा गोल बिल्ला लावायचा. दर वर्षी नेमकं तेच रोप मोजता आलं पाहिजे. प्रोफेसर ही आज्ञा देऊन वातानुकूलित गाडीने परत गेले आणि देसिरे चार दिवस भर उन्हात गुडघ्यांवर रांगत खिळे ठोकत बसली. तिला त्याचा केवढा अभिमान वाटत होता. चारशे बारा रोपं, चारशे बारा बिल्ले. संध्याकाळच्या उन्हात टेकडी चकाकायला लागली तेव्हा तिने फोटो काढून प्रोफेसरांना पाठवला होता.

फ्लोर्सकाका काठी टेकून बघत उभे होते.

"शेळीच्या कानात बिल्ला घालतात तो हरवली तर कुणालाही ओळखू यावी म्हणून," ते म्हणाले. "हे कुणाला ओळखू यावं म्हणून चाललंय?"

"मोजायला लागतं, काका."

"मला बिल्ल्याशिवाय ओळखू येतात."

"तुम्हाला येतात हो. विज्ञानाला तसं चालत नाही."

हे वाक्य ती तेव्हा किती सहज बोलली होती. आता न्याहारीच्या टेबलाशी ते आठवून तिला स्वतःचीच किळस आली. ती कागद तसाच ठेवून उठली.

"सही?" प्रोफेसरांनी विचारलं.

"आधी टेकडी बघून येते, सर. चोरी झाल्यापासून तुम्हीही गेला नाहीत."

"पोलिसांनी फोटो दिलेत मला," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी कॉफी मागवली.

चोरी कळली तीही योगायोगानेच. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत बुटांचे खोके, खोक्यांत संडासच्या कागदात गुंडाळलेल्या करंगळ्या. गाडीवाला परगावचा, तो तोंड उघडेना. काही खोक्यांत मात्र रोपांबरोबर देसिरेचे बिल्लेही निघाले. सोमवारी पोलिसांनी तिला ओळख पटवायला बोलावलं तेव्हा टेबलावर दोनशे सात नंबर पडलेला होता. दोनशे सात तिचा लाडका होता. त्याला एकदा एका वर्षात दोन फुलं आली होती.

बुधवारी दुपारी ती टेकडीवर पोचली. वारा नव्हता, ऊन असं की गारेकडे बघवत नव्हतं. तिने वही काढली आणि मोजणीसाठी आखलेले चौकोन एकामागून एक तपासत गेली. प्रत्येक खिळ्याशी बोटभर खड्डा. चोरांनी घाई केली नव्हती. त्यांनी ओळीने काम केलं होतं, तिने ठोकलेल्या ओळीनेच, एकपासून सुरुवात करून. चारशे बारा खिळे, चारशे बारा खड्डे. एकही सुटला नव्हता.

मग तिला आठवलं, की गेल्या हिवाळ्यात चौकोनांच्या मधल्या जागेत आणखी रोपं सापडली होती आणि तोवर बिल्ले संपले होते. नवे बिल्ले मागवायचा अर्ज विद्यापीठाच्या खरेदी विभागाने दोनदा परत पाठवला, एकदा रकाना चुकला म्हणून आणि एकदा खिळे "बांधकाम साहित्य" या सदरात मोडतात म्हणून. शेवटी तिने कंटाळून त्या रोपांचा फक्त वहीत नकाशा काढून ठेवला होता. आता ती नकाशावर बोट ठेवून एकेक जागा हुडकू लागली. वाळके पापुद्रे नखाने अलगद चाचपले. आत ओलसर, घट्ट, जिवंत. त्रेसष्टच्या त्रेसष्ट रोपं जागेवर होती. काही तर खड्ड्यापासून वीतभर अंतरावर.

ती तिथेच गारेवर बसली. चोरांना करंगळी ओळखता येत नव्हती. भर उन्हाळ्यात त्यांना फक्त बिल्ला दिसत होता. जगाच्या पाठीवर कुठल्याही वाळवंटात, कुठल्याही चोराची इतकी सोय कुणी करून ठेवली नसेल. ती तिने केली होती, गुडघे सोलून, आणि प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आकृतीसह मांडली होती. आणि जे वाचलं ते तिच्या अभ्यासामुळे नाही, तर खरेदी विभागातल्या एका आडमुठ्या कारकुनामुळे. तिला हसू आलं आणि त्या हसण्याचीही लाज वाटली.

गुरुवारी ती निखाऱ्यावर भाजलेले पाव आणि सुकं मटण घेऊन कोठडीत गेली. हवालदाराने पुडी उघडून हुंगली, एक तुकडा स्वतःसाठी काढला आणि तिला आत सोडलं. काका ओट्यावर बसले होते. बुटांच्या नाड्या काढून घेतल्यामुळे त्यांचे पाय विचित्र दिसत होते.

"प्रोफेसराचा कागद वाचून दाखवला मला," ते म्हणाले. "नाव बरोबर लिहिलंय माझं. पहिल्यांदाच."

देसिरेने पुडी सोडली. पाव त्यांच्या हातात दिला.

"तू सही केलीस?"

"नाही."

"मग करणारेस?"

"काका, चोरांना झाडं कशी सापडली ते कळलंय मला."

"मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं." त्यांनी पाव मोडून चघळायला सुरुवात केली. दात थोडे उरले होते त्यामुळे वेळ लागत होता. "तुम्हा शिकलेल्यांचं एक नवलच आहे. वस्तू दिसली की तिला खिळा मारल्याशिवाय ती आहे असं तुम्हाला वाटतच नाही."

"तुम्ही ती झाडं विकली असती का, असं उद्या विचारतील."

"विचारू देत. मला विकायचंच असतं तर ही टेकडी विकली असती होय? ही तर शेळ्यांनी तुडवलेली." काका थांबले. हवालदार दाराशी फोनवर बोलत होता, तिकडे त्यांनी बघितलं आणि आवाज खाली आणला. "दुसरी आहे. हिच्या चौपट. पाय ठेवायला जागा नाही इतक्या करंगळ्या. माझ्या बापाने दाखवली मला."

सांगायला लाज वाटते, पण देसिरेच्या मनात आलेला पहिला विचार काकांचा नव्हता. चौपट म्हणजे सोळाशे रोपं, सोळाशेवर प्रबंध पुन्हा उभा राहतो, किंबहुना पहिल्यापेक्षा चांगला, असा तो विचार होता. म्हातारा कोठडीत सुकं मटण चघळतोय आणि ही मनात आकडेमोड करतेय. तिने मान खाली घातली.

"हे कोर्टात सांगा, काका. मग कुणालाही पटेल. ज्याच्याकडे सोळाशे आहेत तो चारशे कशाला विकेल?"

"आणि परवा तुझा प्रोफेसर हातोडी घेऊन येईल."

"नाहीतर तुम्ही तुरुंगात जाल."

"जाईन. शेळ्या बहीण बघेल." त्यांनी तळहात झटकला. "तुझ्यापुढे बोललो हेच चुकलं माझं. तू कोर्टात ते तोंडातून काढलंस तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. तुझी आई आली तरी मी ओळख देणार नाही."

रस्त्याला लागल्यावर देसिरेने हिशेब स्पष्ट मांडला. काकांना सोडवणारी गोष्ट सांगायला बंदी होती. उरली दुसरी, म्हणजे बिल्ले आणि पाहुणे. ती सांगायची तर स्वतःच्या गाढवपणाचा पाढा भर कोर्टात वाचायचा आणि प्रोफेसरांना खोटारडं ठरवायचं, म्हणजे प्रबंधाला त्यांची सही विसरायची. सहा वर्षांचं शिक्षण, आईने लोकांच्या चादरी धुऊन काढलेली सहा वर्षं. ती संध्याकाळपर्यंत आईच्या स्वयंपाकघरात बसून राहिली. मग काकांसाठी सरकारने नेमलेल्या वकीलबाईंना फोन करून म्हणाली, की मला साक्षीला बोलवा.

शुक्रवारी कोर्ट भरलं होतं, कारण ग्रासक्लूफला शुक्रवारी दुसरं काही करायला नसतं. प्रोफेसर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून. रानात जाताना घालायचा तो शर्ट त्यांनी बहुधा कोर्टासाठीच ठेवला होता. देसिरेला पिंजऱ्यात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

वकीलबाईंनी विचारत जावं आणि देसिरेने सांगत जावं. सप्टेंबरचे अकरा पाहुणे, त्यांची नावं, प्रोफेसरांनी त्यांना स्वतः टेकडीवर नेलं तो दिवस. जागा तिघांना नव्हे, चौदा जणांना ठाऊक होती. मग बिल्ले. बिल्ल्याजवळची सगळी चारशे बारा रोपं गेली, बिनबिल्ल्याची सगळी त्रेसष्ट राहिली.

"फ्लोर्स स्वार्टबोईंना बिनबिल्ल्याची रोपं ओळखता येतात?" वकीलबाईंनी विचारलं.

"अंधाऱ्या रात्रीही येतील. ते असते तर एकही उरलं नसतं. ज्यांना काहीच ओळखता येत नाही अशांचं हे काम आहे. आणि अशांसाठी तिथे खुणा मी करून ठेवल्या होत्या."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा ते थांबलं. देसिरेचे कान तापले होते, पण बोलून टाकल्यावर तिला बरं वाटलं.

सरकारी वकील उठला. प्रोफेसरांनी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. ती त्याने वाचली, पुन्हा वाचली, बहुधा त्याला तिचा उपयोग कळला नसावा.

"कुमारी लिंक्स, हीच वनस्पती आणखी कुठे आहे का? आरोपीला ठाऊक असलेली दुसरी एखादी जागा?"

देसिरेने पहिल्या रांगेकडे पाहिलं. प्रोफेसर पुढे वाकून बसले होते. पेनाचं टोपण काढलेलं, मांडीवर वही. त्यांचा चारशे बारा रोपांचा प्रकल्प बुडाला होता, जिच्या नावाने वनस्पती होणार होती तिच्या घरच्यांना दाखवायला काही उरलं नव्हतं, आणि आता एका निरपराध म्हाताऱ्याच्या सुनावणीत ते नवीन टेकडी शोधत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जी भूक होती ती तिने ओळखली. काल कोठडीत ती तिच्या चेहऱ्यावर होती. तिला त्या माणसाचा तिटकारा आला.

"नाही," ती म्हणाली.

"आपण शपथेवर आहात."

"ठाऊक आहे. तीन वर्षं मी याच कामात आहे. अशी दुसरी जागा नाही."

"खात्रीने?"

"खात्रीने. प्रबंधातही तसंच लिहिलंय."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. प्रोफेसरांनी टोपण लावलं. फ्लोर्सकाका आरोपीच्या बाकावर नाड्या नसलेल्या बुटांकडे बघत बसले होते.

जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल आला. जो साक्षीदार अकरा माणसं मोजायला विसरतो त्याच्या एका कागदावर कुणाला कोठडीत ठेवता येणार नाही, असं न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी काकांना घरी सोडलं. पुराव्यादाखल दुसरं काही असेल तर पोलिसांनी घेऊन यावं. पोलिसांकडे काही नव्हतं.

बाहेरच्या पडवीत प्रोफेसरांनी देसिरेला गाठलं. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना हलक्या लोकांचं काम वाटायचं.

"तुझ्या हाताने तू सगळं संपवलंस," ते म्हणाले. "माझी सही तुला मिळणार नाही. दुसऱ्या कुणाची मिळेल असंही समजू नकोस. हे क्षेत्र फार लहान आहे."

"सही ठेवा तुमच्याजवळच, सर. पुढचं प्रतिज्ञापत्र करताना लागेल."

ते वळून गाडीकडे गेले. त्यांच्या ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं. देसिरेला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. आईला काय सांगायचं एवढाच प्रश्न होता, आणि आई कोर्टातच होती, मागच्या बाकावर. तिने सगळं ऐकलं होतं.

फ्लोर्सकाका पायऱ्यांवर बसून नाड्या ओवत होते. शेजाऱ्याची पिकअप रस्त्यापलीकडे सुरू होऊन थांबली होती. देसिरे जवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"खोटं बरं बोलतेस," ते म्हणाले. "शपथेवरसुद्धा. तीन वर्षांत काहीतरी शिकलीस."

"काका, एक विचारू?"

"विचार."

"ती टेकडी मला दाखवाल? कधीतरी. वही आणणार नाही, काही आणणार नाही. नुसती बघेन."

काकांनी दुसऱ्या बुटाची गाठ मारली, ती ओढून पाहिली, आणि काठीवर भार देऊन उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले, आणि पिकअपमध्ये चढले.